इमानाचा बाँड

त्या रविवारी घरात कोण कोण व्हतं ते आधी सांगतो. मी, ह्या घरातली म्हातारी. माझा ल्योक, त्यो फौंड्रीत कामाला हाय. माझी सून. माझी लेक, ल्येकापेक्षा थोरली, नवरा गेल्यावर नेसरीस्नं म्हायेरी परत आल्याली, ती साड्यांस्नी फॉल-पिको करती. आन पाचवा सुनंचा भाऊ, कोडोलीचा पावणा. एवढीच मान्सं. शिवाजी पेठेतल्या आमच्या दोन खोल्या, जेवणं झालती, ताटं उचलायची व्हती. नावं कुणाची सांगत न्हाय. नाव घेतलं की त्या मान्साला तोंड लपवाय लागतंय. मी तिसरीपतूर शाळंत गेलतो, सही येती, बाकी न्हाय. मी बोलतो आन लेक लिहून घेती.

पावण्यानं हात धुतला, टॉवेलला पुसला आन पिशवीतनं कागद काढला. गुळगुळीत, लग्नाच्या पत्रिकेगत. वर इमानाचं चित्र. पांढरं इमान, शेपटी निळी.

म्हणाला, "मावशी, ह्या विमान कंपनीनं बाँड काढल्यात. बँक देती त्येच्या दुप्पट व्याज. तीन वर्सं ठेवायचं, दर म्हैन्याला व्याज खात्यावर, तीन वर्सानं मुद्दल परत."

ल्योक म्हणाला, "दुप्पट? का म्हणून?"

"कंपनी जरा आडचणीत हाय दाजी. खोटं कशाला बोलू. आडचणीत हाय म्हणून तर एवढं देती. वर आली की आपलं चांगभलं."

मी मधीच इचारलं, "बाँड करून देणार व्हय?"

"व्हय की मावशी. बाँडच हाय त्यो."

"मग देऊन टाका."

ल्योक माझ्याकडं बघाय लागला. "आई, अगं जरा थांब की."

"थांबायचं काय त्येच्यात? बाँड हाय म्हणतोय न्हवं त्यो?"

आता हे पैसं कसलं ते सांगतो. मी तीस वर्सं म्हशी राखल्या. कोल्हापुरात कट्ट्यावर म्हस आणून गिऱ्हाइकाच्या म्होरं धार काढायची आन तिथंच पेल्यातनं प्यायला द्यायची, ही आमची रीत. तसं दूध मी इकलं. गुडघं गेलं तवा म्हशी गेल्या, मग गोठ्याची जागा इकली. ल्येकाला त्येची वाटणी दिली. ऱ्हायलं ते लेकीचं. तिला पोरबाळ न्हाय, डोळ्यानं कमी दिसाय लागलंय. सुईत दोरा ववायला मला हाक मारती आन मला तिच्याहून कमी दिसतंय. मी गेल्यावर तिनं कुणाच्या ताटाकडं बघत बसू नये म्हणून ते पैसं. तेवढंच हायत, दुसरं काय न्हाय. बँकेतली मुदत त्याच म्हैन्यात सरली व्हती.

मग एवढ्या पैशाला मी एका शब्दावर हो का म्हणालो? त्येला कारण त्यो शब्दच.

आमचं मालक गेलं तवा लेक आठ वर्साची आन ल्योक चार. दीर म्हणालं, "वैनी, गोठा तुझाच, काळजी करू नगंस." दहा जणांत म्हणालं. वर्सानं त्येंनीच दाराला कुलूप लावलं. म्हशी रस्त्यावर बांधाय लागल्या, पावसात दोन म्हैनं. दहा जणातला एक बोलला न्हाय. त्यो गोठा मी दिरांच्याकडनं परत इकत घेतला, पर तवा स्टँप इकणाऱ्याकडं जाऊन बाँड केला. साक्षीला दोन मान्सं, अंगठं, सह्या. त्येच्या म्होरं आयुष्यात ज्ये घेतलं दिलं ते बाँडवर. लेकीचा नवरा गेला तवाबी सासरच्यांकडनं बाँड लिहून घेतला, म्हणून अजून नेसरीस्नं तिच्या वाटणीचं भात येतंय. आमच्याकडं बाँड म्हणलं की स्टँपाचा कागद. दुसरा बाँड म्या ऐकला न्हवता.

आन इमान म्हणलं की आमास्नी दोन्हीबी इमानच. आभाळातलंबी आन मान्साच्या पोटातलंबी. इमानाचा बाँड म्हणल्यावर मला वाटलं, ह्येच्यापरास आणि काय पायजे.

मी कनवटीचं एकशे एक रुपय काढलं आन पावण्याच्या हातावर ठेवलं. "ह्यो इसार." म्हशीच्या बाजारात सौदा ठरला की इसार देत्यात. दिला की शब्द पक्का. मोडणाऱ्याचा इसार बुडतो.

पावणा हसला, "मावशी, ह्येच्यात इसार नसतोय."

"आसू दे. माझ्यात असतोय. आता सांग, बाँड कितीचा? पाचशेचा का? आन साक्षीला कोण येणार कंपनीकडनं?"

तवा सगळी हसली. सून तोंडाला पदर लावून हसली, ल्योक तर ताटावरच वाकला. पावणा म्हणाला, "मावशी, ह्यो त्यो बाँड न्हवं. कागद नसतोय. मोबाईलमधी असतोय. डिमॅट म्हणत्यात. साक्षीदार बिक्षीदार काय न्हाय."

"मग सही कुणाची?"

"सही न्हाय. नंबर येतो, ओटीपी. त्यो सांगितला की झालं."

मीबी हसलो. हसाय लागतंय. पर लेक हसली न्हाय, तिनं ताटं उचलली. पावणा म्हणाला, "बेस्तरवारी येतो, पैसं तवाच टाकू. शुक्रवारी बंद व्हणार हाय ते." आन इसाराचं पैसं खिशात घालून गेला. त्यो गेल्यावर माझ्या ध्यानात आलं की म्या कशाला हो म्हणलोय तेच मला म्हाईत न्हाय.

पावण्याबद्दल वाईट बोलायचं न्हाय. त्यो आधी पतसंस्थंची पिग्मी गोळा करायचा, रोज कट्ट्यावर यायचा. शेणात पाय घालून हुबा ऱ्हायचा, दहा रुपय असू देत न्हायतर पन्नास, बरोबर चिठ्ठी फाडायचा. एक रुपया कधी कमी आला न्हाय. त्येच्यावरनंच म्या त्येच्या भनीला सून करून आणली. त्यामुळं इसार मोडायचा म्हंजे नुसता पैशाचा सौदा मोडायचा न्हवता.

सोमवारी मला बसवंना. भाकरी केली ती एका बाजूनं करपली. देवळात गेलो, हुंबऱ्यावरनं परत आलो, चप्पल तिथंच ऱ्हायली. सून म्हणाली, "आत्ती, काय हुतंय तुमास्नी?" म्या म्हणालो, "काय न्हाय, पाय दुखत्यात." पाय दुखत न्हवतं. पाय एका जागी ऱ्हाईत न्हवतं.

डोक्यात एकच. म्हस घेताना आम्ही काय करायचो? इकणारा सांगतो, दहा लिटर देती. त्येच्या म्होरं एक धार काढून दावतो, दहा लिटर भरतंय. नवखा मान्स तिथंच भुलतो. पर त्या म्हशीची आदल्या दिसापास्नं धार काढल्यालीच नसती. कास तुंबवून ठेवल्याली असती. म्हणून जाणता मान्स तीन धारा बघतो. सांजची, सकाळची, परत सांजची. तिसऱ्या धारंला म्हशीचं खरं कळतं. दुप्पट व्याज म्हणल्यावर मला ती कास दिसाय लागली, तटतटल्याली. पर ती खरीच दुभती हाय का तुंबवल्याली हाय, ते कुणाला इचारू?

मंगळवारी सकाळी लेकीला म्हणालो, "चल, इमानतळावर जाऊ."

"कशाला?"

"इमान बघायला."

"आई, विमान बघून काय कळणार हाय तुला?"

"म्हस बघून कळती का न्हाय?"

"म्हशीला कास असती."

"ह्यालाबी काय तरी आसंल की. चल."

ती पिको टाकून उठली. पैसं तिचं हायत, पर तिनं एकदाबी म्हणलं न्हाय घाला म्हणून, का नका घालू म्हणून. तिची रीतच तशी, आन मला त्येचाच राग येतो.

बसनं फाट्यापतूर गेलो, म्होरं चालत. ऊन चांगलंच व्हतं. गेटावर एक वॉचमन, गावाकडचाच दिसला.

"आजी, कुणाला न्यायला आलाय?"

"कुणाला न्हाय बाबा. इमान बघायला आलो. निळ्या शेपटीचं."

तिथं एक गणवेशातली पोरगी हुबी व्हती, पुण्याकडची. ती हसून म्हणाली, "आजी, तुम्ही बाई असून 'आलो' का म्हणता?"

म्या म्हणालो, "आमच्यात येणारा आलोच असतोय, बाई काय आन बाप्या काय."

वॉचमन म्हणाला, "निळ्या शेपटीचं आज न्हाय आजी."

"उद्या?"

"उद्याचंबी सांगता येत न्हाय. यील तवा खरं. मान्सं बॅगा घेऊन येत्यात आन शिव्या घालून जात्यात."

म्हंजे दुसऱ्या धारंला म्हस आटली, असं मी मनात म्हणलो. पर म्हस एखाद्या दिशी बिथरून पान्हा चोरतीबी, लगीच आटली म्हणायचं नसतं. रस्त्याकडंला चहाची गाडी व्हती, तिथं आम्ही टेकलो. शेजारी एक मान्स चहा पीत व्हता, निळा शर्ट, छातीवर तेच इमान शिवल्यालं. लेकीनं मला कोपर मारलं. हळू म्हणाली, "कॉलर बघ."

मला कुठलं दिसतंय. म्हणालो, "काय हाय कॉलरीला?"

"उसवून उलटी करून लावलीया. झिजल्याली बाजू आत. असलं म्या लोकांस्नी लय करून दिलंय."

आमच्याकडं शर्ट जुना झाला की कॉलर उलटी करत्यात, आणि दोन वर्सं चालतोय. पर कंपनीचा मान्स कंपनीचा शर्ट असा कवा घालंल? नवा मिळत नसंल तवाच.

म्या त्येला इचारलं, "बाबा, त्या कंपनीत हाइस व्हय?"

"व्हय आजी. बॅगा चढवतो."

"पगार हुतो का?"

त्यो माझ्याकडं बघाय लागला. कोण म्हातारी आन काय इचारती. मग म्हणाला, "दोन म्हैनं न्हाय. पर हुईल. बाँड काढल्यात कंपनीनं. त्येचं पैसं गोळा झालं की मागचा सगळा पगार देणार म्हणत्यात."

"त्या पैशाचं नवीन इमान घेणार न्हाईत?"

"नवीन कुठलं आजी. हायत ती सगळी भाड्याची. दोन तर तिकडं चाकं काढून हुबी केल्यात, एकाचा पार्ट काढून दुसऱ्याला."

तेवढ्यात डोक्यावरनं दुसऱ्याच कुठल्या कंपनीचं इमान आलं, आवाजानं गाडीवरची भांडी वाजली. तिघंबी वर बघाय लागलो. ते उतरल्यावर त्यो म्हणाला, "आमचीबी अशीच भरून यायची आजी. मान्सं आजबी बसत्यात. पैसा आला तर उठंल की. लय कंपन्या उठल्यात, आन लय बसल्यातबी."

"बाबा, माझ्या लेकीचं पैसं हायत. त्या बाँडात घालू का नगं?"

त्येनं गिलास खाली ठेवला. मग म्हणाला, "माझ्या पगारासाठी म्हणलासा तर घाला." एवढं बोलून त्येनं आमच्या चहाचं पैसं दिलं. म्या नगं नगं म्हणत व्हतो तरी दिलं, आन गेटातनं आत गेला. दोन म्हैनं पगार नसल्याल्या मान्साचा चहा म्या प्यालो.

बसमधी लेक म्हणाली, "त्येला दोन पोरी हायत वाटतं, चहावाल्याशी बोलत व्हता." मला वाटत व्हतं, सगळ्यांनी माझ्यागत हात आखडला तर ह्या मान्साचा पगार कवा हुणार? आन परत वाटत व्हतं, माझ्या लेकीच्या म्हातारपणातनं त्येचा पगार म्या का भागवायचा? बुधवारभर हेच. उठायचं, बसायचं. धान्याचा डबा म्या तीनदा रिकामा करून भरला.

बेस्तरवारी पावणा आला. ल्योक सुट्टी काढून थांबला व्हता. सुनंनं पोहे केल्तं. पावण्यानं मोबाईल काढला तसं म्या म्हणालो, "आधी मला चार गोष्टी सांग. हसायचं न्हाय."

"इचारा की मावशी."

"इमानं कुणाची?"

"भाड्यानं घेतल्याली."

"मग कंपनीचं सवताचं काय?"

"नाव हाय. रूट हाय. मान्सं हायत."

"बुडाली तर आमास्नी काय काढून देणार? तारण काय?"

त्यो म्हणाला, "ह्येच्यात तारण नसतंय. म्हणून तर व्याज जास्त."

"बरं. बुडाली आन जे काय हाय ते वाटाय काढलं, तर आदी कोण?"

"कामगार, बँका. इमानाचं मालक तर आपली इमानंच घेऊन जाणार. मग आपुण बाँडवालं."

"आन आपल्या मागं?"

"शेअरवालं."

ल्योक म्हणाला, "म्हंजे पंगतीत आपलं पान शेवटून दुसरं. आमटी येईपतूर पातेलं खरडल्याला आवाज येणार." त्यो एकटाच हसला.

म्या म्हणालो, "आता शेवटचं. म्हस दूध देत नसली तर दोन जातीची असती. गाभण असली तर वैरण घालायची, ती उद्या दूध देती. भाकड असली तर घातल्याली वैरण गेली. ही गाभण हाय का भाकड?"

पावण्यानं मोबाईल पालथा ठेवला. "मला म्हाईत न्हाय मावशी. खरं सांगतो. म्याबी इचार केला न्हाय. म्या माझं सवताचं घातल्यात. औंदाचं ऊसाचं बिल सगळं."

सून एकदम म्हणाली, "दादा! सगळं?"

"बोललो न्हाय तुला."

त्येच्या तोंडाकडं बघून मला कट्ट्यावरचं ते पिग्मीचं पोरगं दिसलं. फसवायला आला न्हवता त्यो. सोबत शोधाय आला व्हता. आपुण एकट्यानं पाण्यात उडी मारली की दुसऱ्याला हाक मारावीच वाटती. ते कळलं तवा मला हो म्हणावं वाटलं, देवाशप्पत. त्येच्यासाठी, त्या उलट्या कॉलरीसाठी. मग म्या लेकीकडं बघितलं. ती दारात बसून सुई उजेडाकडं धरून दोरा ववत व्हती, आन दोरा बाजूनं जात व्हता. तीनदा गेला.

म्या म्हणालो, "माझा शब्द म्या मागं घेतो. इसार बुडाला. तुझ्याकडंच ठेव."

तीस वर्सात म्या कुणाचा सौदा मोडला न्हवता. मारक्या म्हशी ठेवून घेतल्या, पर शब्द फिरवला न्हाय.

पावण्यानं इसाराचं पैसं काढलं, कपाटावर ठेवलं. "हे नगं मला मावशी. ह्येच्यात इसार नसतोय म्हणून सांगितलं व्हतं न्हवं?" पोहे तसंच ठेवून त्यो गेला. सून त्येच्या मागनं जिन्यापतूर गेली. संध्याकाळी एवढंच म्हणाली, "आत्ती, थोडं तरी घातलं आसतं तर त्येला धीर आला आसता." खरं हाय तिचं. थोड्यात माझं बुडलं नसतं. पर मला थोडा शब्द देता येत न्हाय.

लेकीच्या नावानं पोस्टात ठेवलं. व्याज कमी येतंय, पर कागद हाय, शिक्का हाय. पासबुक तिच्या हातात दिलं तवा ती म्हणाली, "आई, एवढं धावलीस ती माझ्यासाठी व्हय?" म्या म्हणालो, "मग कुणासाठी, इमानासाठी?"

तवापास्नं पावणा आमच्याकडं आल्याला न्हाय. भाऊबिजेला सुनंनं पाट मांडला, रांगोळी काढली, आंघोळीचं पाणी दोनदा तापवलं. दिवेलागणीपतूर दारात गेली आन आली. मग गच्चीवर जाऊन तिनं चंद्राला ओवाळलं. जिला भाऊ नसतो ती बाई चंद्राला ओवाळती. हिचा भाऊ कोडोलीत धडधाकट हाय. मी जिन्यात बसून ऐकत व्हतो, वर तबकाचा आवाज झाला तेवढाच. ते एकशे एक रुपय देव्हाऱ्यात कुंकवाच्या करंड्याखाली हायत. त्येंस्नी कुणी हात लावत न्हाय, मीबी न्हाय.

कंपनीचं काय झालं ते मला नीट कळत न्हाय. ल्योक मोबाईलमधी बघतो आन "चाललंय" म्हणतो, पर तोंड बघून खरं वाटत न्हाय. एकजण म्हणाला बंद पडली, दुसरा म्हणाला नव्या मालकानं घेतली. दुपारी इमानाचा आवाज आला की मी हातातलं टाकून गच्चीवर जातो, गुडघं नगं म्हणत्यात तरी. मला शेपटीचा रंग दिसत न्हाय. लेकीला हाक मारतो, तिलाबी दिसत न्हाय. दोघी आभाळाकडं बघत हुब्या ऱ्हातो. ती कंपनी उठावी असं मला वाटतंय. म्या पैसं घातलं न्हाईत, तरी वाटतंय.

तुमी वाचणारी शिकल्याली मान्सं हाईसा, तुमचं डोळं चांगलं आसतील. तुमच्या गावावरनं निळ्या शेपटीचं इमान जाताना दिसलं, तर शिवाजी पेठंत कुणाकडनं तरी निरोप धाडा. मला न्हाय, माझ्या सुनंला सांगा.